फेखनर की वुंट? सेमिनारला कोण घ्यावा

सायकॉलॉजीच्या सेमिनारला फेखनर घेऊ की वुंट असं एकीने विचारलंय, दोघंही जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठातलेच त्यामुळे गोंधळ होणारच.

आधी कोण म्हणाल तर फेखनर. मुळात फिजिक्सवाला, १८६० ला त्याचं सायकोफिजिक्सचं (बाहेरचं उद्दीपन आणि मनातली संवेदना यांच्या नात्याचं) पुस्तक आलं, आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ वेबरचं काम पुढे नेऊन संवेदनाही मोजता येते हे त्याने मांडलं, म्हणजे १०० ग्रॅमच्या वजनात जेवढी भर घातल्यावर हाताला फरक कळतो त्याच्या साधारण दुप्पट भर २०० ग्रॅमला लागते. हे वर्गातसुद्धा करून दाखवता येतं. वुंटचं तेवढं सोपं नाही, रिॲक्शन टाइम (प्रतिक्रियेला लागणारा वेळ) मोजायला अचूक घड्याळ हवं आणि त्याचं अंतर्निरीक्षण (स्वतःचा अनुभव निरखून सांगणं) तर सराव असलेल्या माणसांवरच चालायचं.

पण नुसत्या प्रयोगांनी विषय उभा राहत नाही ना! वुंटने १८७९ ला सायकॉलॉजीची लॅब सुरू केली, मग जर्नल काढलं, आणि कॅटेल, टिचनरसारखे त्याचे विद्यार्थी अमेरिकेत लॅब चालवायला लागले. माझ्या मते प्रायोगिक सायकॉलॉजीचा जनक वुंटच.

तुला मोजमाप आवडत असेल, डेमो द्यायचा असेल तर फेखनर घे. विषय फिलॉसॉफीपासून वेगळा कसा झाला हे सांगायचं असेल तर वुंट.