इलेक्ट्रिक गाडी, वर्ष होत आल्यावर : मोठी बॅटरी ठणठणीत, घात केला छोटीने

इलेक्ट्रिक घ्यावी की पेट्रोल, हे विचारायला हल्ली सारखे फोन येतात. रेंज किती मिळते, बॅटरी किती वर्षं टिकेल, पावसात चार्ज केली तर चालते का, सगळं विचारून होतं. बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीबद्दल मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. माझी गाडी एकदाच बंद पडली, आणि ती या बॅटरीमुळे.

मोठी बॅटरी पाऊणच्या वर भरलेली होती. सकाळी रिमोट दाबला तर काही नाही. रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, तर आत सगळा अंधार. तळपायाखाली चाळीस युनिट वीज साठवणारी पेटी, आणि गाडीत एक दिवा लागेना! कारण असं की, मोठी बॅटरी गाडीच्या मोटरला थेट जोडलेली नसते. मध्ये कॉन्टॅक्टर असतात, म्हणजे मोठे रिलेच, विजेने उघडझाप होणारे स्विच. ते ओढून धरायला बारा व्होल्ट लागतात. ते व्होल्ट देते बॉनेटखालची बॅटरी, जी पेट्रोल गाडीतही असते. ती झोपली की मोठीचा दरवाजा बंद.

पेट्रोल गाडीत ही बॅटरी मरायच्या आधी सांगते. स्टार्टर कुथायला लागतो, दोन-चार सकाळी गाडी उशिरा सुरू होते, आपण समजतो. इलेक्ट्रिकमध्ये स्टार्टरच नाही. रिले आणि स्क्रीन एवढ्याच कामाला अगदी मरतुकडी बॅटरीही पुरते. त्यामुळे आदल्या रात्रीपर्यंत सगळं सुरळीत, आणि सकाळी एकदम ठप्प.

पुढचा ताप आणखी वेगळा. गाडी ‘पी’मध्ये अडकलेली, पार्किंग ब्रेकही इलेक्ट्रिक, म्हणजे ढकलायची सोय नाही. मोटरची चाकं जमिनीवर फिरवत ओढायची नाही असं पुस्तकात लिहिलेलं, म्हणून फ्लॅटबेडच हवा, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक. आणि आमच्या बेसमेंटमध्ये फ्लॅटबेड शिरत नाही. रोडसाइडवाले रॅम्पच्या तोंडाशी उभे राहून फोनवर बोलत होते. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी त्यांची जुनी डिझेल गाडी शेजारी लावली, जंपर केबल जोडली आणि मिनिटभरात आमची गाडी जागी झाली. (उलटं करू नका. इलेक्ट्रिकवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून द्यायला बहुतेक कंपन्या मना करतात.)

सर्व्हिस सेंटरने पहिलं बोट ठेवलं डॅशकॅमवर. बाहेरून बसवलाय ना, मग तोच रात्रभर वीज खातो, वॉरंटीत बसत नाही. मी डॅशकॅम तिथेच काढून घेतला. मल्टिमीटर विकत आणला आणि रोज सकाळी गाडी उघडायच्या आधी बॅटरीची टोकं मोजायला लागलो. भरलेल्या बॅटरीला साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, १२.२ ला ती निम्मी संपलेली असते. डॅशकॅम नसताना माझी दोन रात्रींत १२.१ वर येत होती. गाडी ‘ऑन’ केली की लगेच आकडा चौदाच्या जवळ जायचा. म्हणजे मोठीतून छोटीला वीज देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर ठीक होता. गाडी उभी असताना आतलंच काहीतरी जागं राहत होतं. फोटो, तारखा, आकडे असा मेल टाकला, तेव्हा कुठे आवाज खाली आला.

त्या दिवसांत कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, डोळे झाकून पेट्रोल घ्या.

आता पैशांचं बोलतो, कारण गाडी घेतली होती ती पैशांसाठीच. सिंहगड रोडवरून चाकणला रोज जाऊन-येऊन महिन्याचे दीड हजार किलोमीटर सहज होतात. आधीची पेट्रोल गाडी या ट्रॅफिकमध्ये लिटरला तेरा-चौदा द्यायची. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून तेही थोडं घसरलं होतं, आणि जुन्या गाड्यांचं मायलेज यात थोडं कमी होतं हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलंय. पेट्रोल १०४ च्या आसपास धरलं तर किलोमीटरला साडेसात रुपये. इलेक्ट्रिकला भिंतीतून ओढलेली वीज मोजली (चार्जिंगमध्ये वाया जाते ती धरून) तर शंभर किलोमीटरला पंधरा युनिट. वेगळ्या मीटरवर मला युनिट सगळं धरून दहाच्या आत-बाहेर पडतं. म्हणजे किलोमीटरला दीड रुपया. महिन्याला नऊ हजार वाचतात.

‘वेगळ्या मीटरवर’ हे शब्द मात्र नीट वाचा. सुरुवातीला मी घरच्याच मीटरवरून चार्ज करत होतो. घरचा वापर दीडशे युनिट, त्यात गाडीचे सव्वादोनशे. महावितरणच्या घरगुती दरात ३०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर चांगलाच चढतो, आणि ते सगळे चढे युनिट गाडीचेच. बिल बघून बायको म्हणाली, “हे काय स्वस्त?” मग ईव्हीचं वेगळं कनेक्शन घेतलं. सोसायटीची एनओसी, मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत आर्मर्ड केबल, पाइप, एमसीबी असा बऱ्यापैकी खर्च आला, पण पेट्रोलच्या बचतीतून दोन-चार महिन्यांत वसूल झाला. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला वीसेक रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. रोज तिथेच चार्ज करणार असाल तर किलोमीटरला साडेतीन रुपये पडतात आणि रांगेत बसायचा वेळ वेगळा.

टोलमाफीचं लोक फार बोलतात. ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धी यांच्यासाठी आहे, २०२५ च्या राज्याच्या धोरणातली. माझ्या साताऱ्याच्या रस्त्यावर खेड-शिवापूर आणि आनेवाडी दोन्हीकडे पूर्ण टोल कापला जातो, कारण तो राष्ट्रीय महामार्ग. आपला नेहमीचा रस्ता कोणता, हे बघूनच हा फायदा हिशोबात धरा.

सासर चिपळूणला. उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. सगळ्यात मोठी भीती याच रस्त्याची होती आणि सगळ्यात मोठा आनंदही इथेच मिळाला. साताऱ्याला चहापुरतं थांबून गाडी थोडी भरून घ्यायची. घाट उतरताना रिजन (वेग कमी करताना मोटरच वीज बनवून बॅटरीत परत भरते ते) वरच्या पातळीवर ठेवलं की ब्रेकवर पाय जवळजवळ लागत नाही, आणि घाटाखाली पोफळीला पोचेपर्यंत दोन-तीन टक्के उलट वाढलेले असतात. येताना तोच घाट दहा-बारा टक्के खातो, हेही सांगायला हवं. पण चढावर मागे एसटी लागलेली असताना गिअर न बदलता, इंजिन न रडवता गाडी जशी वर जाते, त्यासाठी मी ते टक्के खुशीने देतो.

सासरी चार्जर लावला तर लाल दिवा. अर्थिंग फॉल्ट. जांभ्या दगडाची जमीन, उन्हाळ्यात खडखडीत कोरडी, तिथे जुनं अर्थिंग नावालाच होतं. फ्रीज, मिक्सर इतकी वर्षं त्यावर बिनबोभाट चालले, गाडीचा चार्जर ऐकेना. वायरमन दादांनी विहिरीच्या बाजूला नवा खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, पट्टी टाकली, बादलीभर पाणी ओतलं, तेव्हा हिरवा दिवा लागला. या निमित्ताने त्या घराला नीट अर्थिंग मिळालं. गावी जाणाऱ्यांनी हे आधी तपासून घ्या, दिवाळीच्या आदल्या दिवशी वायरमन मिळत नाही.

इथवर लिहून बाजूला ठेवलं होतं, कारण छोट्या बॅटरीचा निकाल लागायचा होता. तो लागला. कंपनीने बॅटरी फुकट बदलून दिली आणि नवं सॉफ्टवेअर टाकलं. आता गाडी उभी असतानाही अधूनमधून मोठीतून छोटीला वीज दिली जाते. कित्येक आठवडे मोजतोय, चार दिवस उभी ठेवली तरी १२.५ च्या खाली आलेली नाही. त्यामुळे गाडीवरचा राग गेला. कंपनीवरचा नाही गेला. दुरुस्ती आधीच तयार होती, मग गाडी बंद पडून मेलामेली होईपर्यंत ती का थांबवली? मोठ्या बॅटरीच्या आठ वर्षांच्या वॉरंटीचे बोर्ड लावता, छोटीची वॉरंटी किती हे शोरूममध्ये एकाला तरी सांगता येऊ दे. स्क्रीनवर तिचे व्होल्ट दाखवायला काय खर्च येतो?

घरात सध्या दोघांना गाडी घ्यायची आहे. डोंबिवलीच्या साडूंना मी पेट्रोलच सांगितली. गाडी रस्त्यावर लावतात, लोकलने ऑफिसला जातात, महिन्याला चारशे किलोमीटर झाले तर झाले. किलोमीटरला सहा रुपये वाचले तरी महिन्याचे चोवीसशे, तेही घरी चार्जिंग असेल तर. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ वर आलाय. इलेक्ट्रिकला तो ५ टक्के आणि वर रोड टॅक्सची सूट असूनही साडू बघतायत त्या दोन गाड्यांत अडीच-तीन लाखांचा फरक उरतोच. तो भरून यायला त्यांना दहा वर्षं लागतील.

कोल्हापूरच्या ताईचं वेगळं. बंगला, स्वतःचं आवार, रोज इचलकरंजीला जाणं-येणं. तिने इलेक्ट्रिकच घ्यावी. तिने शोरूमच्या आधी महावितरणकडे वेगळ्या मीटरचा अर्ज टाकलाय. लोड मंजूर झाला की टेस्ट ड्राइव्हला जाणार आहे.