स्वस्तातला रेट्रो हँडहेल्ड मागवायलात? आधी माझ्यासोबत काय झालं ते वाचा

सध्या फोनवर ती जाहिरात सारखी यायलीय. हातात मावणारा गेम कन्सोल, पंधरा हजार गेम, ६४ जीबी कार्ड, मारिओपासून पीएसपीपर्यंत (सोनीचा जुना हातातला कन्सोल) सगळं चालतं, फक्त २,४९९ रुपये आणि कॅश ऑन डिलिव्हरी. व्हिडिओत एक पोरगा पीएसपीचा गेम खेळायलाय, कुठं अडकत नाही काही नाही. मी परभणीचा, मी तो मागवला, पैसे गेले आणि हातात वेगळीच वस्तू आली. हे सगळं खोलून लिहायलोय कारण आपल्याकडं बरेच जण सुट्टीत लेकरांसाठी असलं काहीतरी मागवतात आणि त्यांना फसलोय हे कळतसुद्धा नाही, डबा चालू होतो, मारिओ उड्या मारतो, लेकरू खूश, विषय संपला.

माझा भाचा आठवीत आहे. मोबाईलवरचे फुकटचे गेम म्हणजे दर मिनिटाला जाहिरात आणि मधीच पैसे मागणारी खिडकी, त्याला त्यातून बाहेर काढायचं होतं. आम्ही उन्हाळ्यात मामाकडं जिंतूरला कॅसेट फुंकून फुंकून टीव्ही गेम खेळलो, कॉन्ट्राच्या शेवटच्या लेव्हलला लाईट जायची, तरी त्या खेळांनी आम्हाला दिलं ते खरंच चांगलं होतं असं मला आजही वाटतं. बहीण पण म्हणली, दादा मोबाईलपेक्षा हे बरं राहील, नेट तरी लागत नाही.

ऑर्डर करायच्या आधी मी व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांना सरळ विचारलं की आत प्रोसेसर कोणता आहे. पहिलं उत्तर आलं, 'सर ६४ बिट क्वाड कोअर, पीएसपी फुल सपोर्ट'. मी म्हणलं चिपचं नाव सांगा. मग त्यांनी एक फोटो पाठवला, त्यात आरके३३२६, १ जीबी रॅम, ३.५ इंची ६४० बाय ४८० ची स्क्रीन असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. हे आर३६एस नावाच्या स्वस्तातल्या हँडहेल्डचं वर्णन आहे, ती वस्तू खरंच मिळते आणि पैशाच्या मानानं चांगली आहे. म्हणजे मी विचारलं आणि त्यांनी दुसऱ्याच मशीनचा कागद दाखवून लेखी खोटं सांगितलं, अडाण्याला गंडवलं असं काही नाही हे.

पार्सल आलं तेव्हा कुरिअरवाला म्हणला आधी पैसे, मग ओटीपी, मगच खोलायचं. त्याची चूक नाही, त्याला तसाच नियम आहे. मी पैसे दिले आणि त्याच्यासमोरच मोबाईलवर व्हिडिओ लावून खोललं. हा व्हिडिओ पुढं फार कामाला येतो, पार्सलवरचं लेबल, सीलबंद खोकं आणि आतली वस्तू एकाच न थांबवलेल्या व्हिडिओत यायला पाहिजे.

आता वस्तूबद्दल. दिसायला पीएसपीसारखी, हातात एकदम हलकी. डाव्या बाजूला गोल स्टिक आहे पण ती नुसती चार दिशांची बटणं आहेत, हळू ढकला की जोरात ढकला, माणूस तेवढ्याच वेगानं पळतो. खांद्यावर चार बटणं, त्यातली दोन दाबली तर आत काही दबतच नाही, नुसतं प्लास्टिक. मेमरी कार्डाची फट आहे, कार्ड दिलेलंच नाही, मी घरातलं घातलं तर त्याला कळलंच नाही. आणि गेमची यादी बघितली तर तेच तेच. कॉन्ट्रा, मग दोन पानं पुढं कॉन्ट्रा जास्तीच्या लाईफवाला, मग कॉन्ट्रा दुसऱ्या लेव्हलपासून, प्रत्येकाला वेगळा नंबर. पीएसपीच्या नावाखाली जे गेम होते ते उघडले तर तीच जुनी आठ बिटवाली टँक आणि मारिओ, फक्त नाव बदललेलं.

शेवटी मागचे स्क्रू काढले. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर मधोमध काळ्या लाखेचा एक गोळा. त्या गोळ्याखाली जी चिप असते ती फॅमिकॉमची नक्कल, म्हणजे १९८३ साली जपानात आलेल्या त्या कन्सोलची, जिच्या नकला आपण टीव्हीला लावून खेळलो. गेम त्याच बोर्डात कायमचे भरलेले, नवीन घालता येत नाहीत, सेव्ह करता येत नाही. याला एम्युलेटर म्हणताच येत नाही. एम्युलेटर म्हणजे ताकदवान प्रोसेसरवर चालणारं सॉफ्टवेअर, जे जुन्या मशीनचं सोंग घेतं. फॅमिकॉमचा प्रोसेसर जेमतेम १.८ मेगाहर्ट्झचा, त्याचं सोंग कुठलाही साधा फोन घेईल. पीएसपी २००४ ची, तिचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि ग्राफिक्सची चिप वेगळी, तिचं सोंग घ्यायला त्याच्या कितीतरी पट ताकद लागते. मला जे आलं ते लुनाच्या इंजिनवर ट्रॅक्टरची बॉडी बसवल्यासारखं.

आणि ज्यांना स्क्रू खोलायचे नाहीत त्यांनी नुसता हिशोब करावा, खोटं तिथंच उघडं पडतं. पहिला सुपर मारिओ फक्त ४० केबीचा आहे. कॉन्ट्रा १२८ केबी. असले गेम ६४ जीबीत लाखांनी मावतील, म्हणून पंधरा हजार हा आकडा ऐकून भुलायचं काही कारणच नाही. उलट पीएसपीच्या एका डिस्कमध्ये १.८ जीबीपर्यंत डेटा मावतो आणि प्लेस्टेशन वनची एक सीडी साधारण ६५० ते ७०० एमबीची. म्हणजे पूर्ण भरलेल्या सीड्या धरल्या तर ६४ जीबीत शंभरसुद्धा बसत नाहीत. जो विकणारा हजारो पीएसपी गेम आणि ६४ जीबी एका वाक्यात सांगतो तो खोटं बोलायलाय, पुढं बोलायची गरजच नाही.

बरं, खरा आर३६एस मिळाला असता तरी पीएसपी फुल सपोर्ट हे खोटंच ठरलं असतं. त्यातल्या आरके३३२६ चिपवर आठ आणि सोळा बिटवाल्या जुन्या कन्सोलचे, गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचे आणि प्लेस्टेशन वनचे गेम छान चालतात, पण पीएसपीचे फक्त हलके गेम, जड गेम अडकत अडकत. लातूरच्या माझ्या मित्राकडं खरा आहे, तो त्याच्यावर समाधानी आहे, पण त्यानं पण सांगितलं की सोबत आलेलं कार्ड बिनकंपनीचं असतं, कधीही मरतं, म्हणून पहिल्या दिवशीच त्याची पूर्ण कॉपी कॉम्प्युटरवर घेऊन ठेवायची. त्यात स्क्रीनच्या पॅनलची एक डीटीबी फाईल असते, पॅनल वेगवेगळे येतात, दुसऱ्याची फाईल घातली तर स्क्रीन काळी. शिवाय त्याच्याही नकला निघाल्यात, बाहेरून हुबेहूब तेच, आत बोर्ड वेगळा आणि त्याच्यावर मूळची आर्कओएस, म्हणजे त्याची ऑपरेटिंग सिस्टीम, चालूच होत नाही. कार्डावर ६४ लिहिलेलं खरं आहे का हे एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं कळतं, पण ते रिकाम्या कार्डावर चालवायचं, म्हणून आधी कॉपी आणि मग टेस्ट. आणि भरून दिलेले हजारो गेम हे बहुतेक सगळे बिनपरवानगी कॉपी केलेले असतात, हे पण लक्षात असू द्या.

म्हणून विकणाऱ्याकडं फोटो मागू नका, व्हिडिओ मागा. तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून, तुम्ही सांगाल तोच प्लेस्टेशनचा गेम सुरुवातीपासून दोन मिनिटं चालवून दाखव म्हणायचं. मी नंतर दुसऱ्या नंबरवरून हे विचारून बघितलं, लगेच ब्लॉक.

खोक्यावर काय नव्हतं ते पण सांगतो. आयात करणाऱ्याचं नाव पत्ता नाही, एमआरपी नाही, कुठल्या देशात बनलं ते नाही. हे तिन्ही आयात मालावर कायद्यानं लागतं. व्हिडिओ गेम आणि त्यातली बॅटरी दोन्ही बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, सक्तीच्या नोंदणीत येतात, आर पासून सुरू होणारा नोंदणी नंबर पाहिजे आणि तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. माझ्या डब्यावर काहीच नव्हतं.

यापुढचा भाग जास्त वाईट आहे. तक्रार केल्यावर आधी गोड बोलले, मग एका वेगळ्याच नंबरवरून फोन आला, 'सर रिफंड पाठवायलोत, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका'. मी फोन ठेवला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे तुमच्याच खात्यातून पैसे जाणार. पण माझ्या मावसभावानं सेलूत हेच मागवलं होतं, त्याच्याकडून पिकअप चार्ज म्हणून १९९ रुपये आणखी काढले आणि पिकअपला कुणी आलंच नाही. म्हणजे ज्यांना राग आलाय आणि पैसे परत पाहिजेत, त्यांनाच हे लोक दुसऱ्यांदा गाठायलेत. एकदा लुटून यांचं पोट भरत नाही याचा मला खरंच संताप आहे. ऑनलाईन पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, जेवढं लवकर तेवढं पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार टाकली, तिथं मराठीत बोलता येतं. तिथून सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यामुळं आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस करता येते, मुंबई दिल्लीला जायचं नाही, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही आणि २ वर्षांची मुदत असते. अडचण एकच, समोरच्याचं खरं नाव पत्ता पाहिजे आणि माझ्या लेबलवर नुसता एका गोदामाचा पत्ता आहे. तो पत्ता, लेबल, व्हॉट्सअ‍ॅपवरचा चिपचा तो फोटो आणि व्हिडिओ सगळं जोडून दिलंय. अजून पैसे आलेले नाहीत.

आणि ज्यांच्या घरी हा डबा आधीच आलाय त्यांनी आजच मागचं झाकण काढून बॅटरी बघा. माझ्यात जुन्या नोकियाला यायची तसली बीएल-५सी होती, कंपनीचं नाव नाही आणि थोड्याच दिवसांत मधून फुगलेली. फुगलेली असेल तर चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका, कचऱ्यात पण टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. लेकरं हे चार्जिंगला लावूनच पांघरुणात घेऊन खेळतात, ते आधी बंद करा.