मार्श केव्ह: जुन्या कार्ट्रिजवर उतरावं की पिक्सेल रीमास्टरवर?

परीक्षा संपल्यावर भाचीने पहिला 'फायनल फॅन्टसी' हा व्हिडिओ गेम खेळायचं ठरवलं आणि मला विचारलं, "मामा, जुना खेळू की नवा?" मार्श केव्ह मी दोन्हींवर पार केली आहे, म्हणून त्या एका गुहेपुरतंच उत्तर देतो. पहिल्यांदा खेळणारे बहुतेक जण अडकतात ते तिथेच.

मूळ गेम फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलवर १९८७ मध्ये आला, इंग्रजीत १९९० मध्ये. पिक्सेल रीमास्टर, म्हणजे त्याच गेमची नव्याने बनवलेली आवृत्ती, २०२१ मध्ये पीसी आणि मोबाईलवर निघाला, २०२३ मध्ये स्विच आणि प्लेस्टेशनवर. गुहा दोन्हीकडे तीच: एल्फलँडहून चालत जायचं, तळाच्या मजल्यावरच्या एकसारख्या खोल्यांतून मुकुटाची पेटी शोधायची आणि तिच्यावर पहारा देणाऱ्या पिस्कोडेमनांशी लढायचं. जुन्या इंग्रजी आवृत्तीत त्यांचं नाव विझार्ड होतं.

खरा फरक मुकुट मिळाल्यानंतर जाणवतो. मूळ आवृत्तीत सेव्ह होतं ते सराईत, किंवा उघड्यावर तंबू ठोकून. गुहेत शिरलात की मुकुट घेऊन स्वतःच्या पायांनी बाहेर येईपर्यंत काहीही सेव्ह होत नाही. बाहेर काढणारा मंत्र इतक्या लवकर मिळत नाही, आणि मेलेल्याला उठवायचं तर गावातलं क्लिनिक गाठावं लागतं. मी एकदा मुकुट घेऊन परत निघालो तेव्हा माझ्या चमूतल्या थीफला विष चढलेलं, त्याचे १८ एचपी (जीवाचे गुण) उरलेले आणि विषावरचे अँटिडोट संपलेले. विष असलं की दर पावलाला एक एचपी जातो, शेवटचा एक उरेपर्यंत. जिन्यापर्यंतच्या फरश्या मी स्क्रीनवर बोट ठेवून मोजल्या, तर त्या भरल्या २३. व्हाइट मेजकडे (बरं करणाऱ्या जादूगाराकडे) एचपी भरून देणाऱ्या क्युअर मंत्राचा एकच वापर शिल्लक होता. तो आत्ता खर्च करायचा की पुढच्या चकमकीसाठी ठेवायचा, याचा विचार करत मी बराच वेळ कंट्रोलर नुसता हातात धरून बसलो होतो. असा क्षण मला दुसऱ्या कुठल्याच आवृत्तीत मिळाला नाही.

पण जुन्याचा जाचही खरा आहे. दोघांनी एकाच शत्रूवर नेम धरला आणि पहिल्याच्या घावात तो मेला, तर दुसऱ्याचा वार फुकट जातो. पोशन, म्हणजे एचपी भरून काढणारं औषध, एकेक करून विकत घ्यावं लागतं. ६० गिलचं (गिल हे गेममधलं चलन) एक, अशी ५० घ्यायची तर बटण दाबून बोटं दुखतात. टेम्पर हा वाराची ताकद वाढवणारा मंत्र प्रोग्रामिंगच्या चुकीमुळे तिथे चालतच नाही. यातलं काहीही गुहा कठीण करण्यासाठी मुद्दाम ठेवलेलं नाही, त्यामुळे ते गेलं याचं मला जराही दुःख नाही.

रीमास्टरने हे सगळं काढलं. वार आपोआप दुसऱ्या शत्रूकडे वळतो, नकाशा मिळतो, आणि मजला बदलला की ऑटोसेव्ह होतो. मंत्रांचा हिशेब मात्र जुनाच ठेवलाय: प्रत्येक पातळीचे मोजकेच वापर. हे फार बरं झालं. हिरवा स्लाइम या राक्षसावर तलवारीचा जवळजवळ परिणामच होत नाही, त्याच्यावर आगच चालते. म्हणून ब्लॅक मेजचा (हल्ल्याचे मंत्र टाकणाऱ्या जादूगाराचा) प्रत्येक फायर इथेही जपून वापरावा लागतो. २००४ च्या गेमबॉय ॲडव्हान्सवरच्या 'डॉन ऑफ सोल्स'मध्ये एमपी, म्हणजे सगळ्या मंत्रांसाठी एकच साठा, आले आणि ही काटकसर संपली. या गुहेसाठी मी ती आवृत्ती सुचवणार नाही.

कन्सोलवरच्या रीमास्टरमध्ये चकमकी बंद करायची आणि अनुभव चौपट करायची सोय आहे. पहिल्या खेपेला तिला हात लावू नका. चकमकी बंद केल्यावर मार्श केव्हमध्ये उरतात त्या नुसत्या रिकाम्या खोल्या.

आवृत्ती कुठलीही घ्या, परत कधी फिरायचं ते आत शिरण्याआधी ठरवा. पावसाळ्यात आम्ही सांगलीकर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारत असतो: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. खालच्या गल्लीतला शहाणा माणूस सामान हलवायला ४५ ची वाट बघत नाही. पोशनचंही तसंच करा. ५० घेऊन उतरलात तर ३० उरल्यावर इशारा समजा, २० उरली की माघारी या, मग मुकुट पुढच्याच खोलीत असल्याची खात्री असली तरी.

रोज संध्याकाळचा तासभरच मिळत असेल तर रीमास्टर घ्या. अख्खा रविवार मोकळा असेल, हरल्यावर दोन तास वाया गेलेले सोसत असतील आणि २०१६ चा छोटा एनईएस क्लासिक (जुने गेम आत भरलेला कन्सोल) हाताशी असेल, तर मूळ आवृत्ती खेळा. फक्त त्यातली मध्येच खेळ जपून ठेवायची सोय गुहेत वापरू नका.

भाचीला मी मोबाईलवरचा रीमास्टर घ्यायला सांगितलं, एका अटीवर: हरलीस तर ऑटोसेव्ह उघडायचा नाही, एल्फलँडच्या सराईतल्या सेव्हवरून पुन्हा निघायचं. काल रात्री तिचा मेसेज आला: "मामा, २० राहिली. मुकुट नाही मिळाला. परत फिरतेय."