शार्प्स 1863 कार्बाइन, अकरा महिन्यांनंतर: त्या फटीबद्दल

परवा रेंजवर बाराव्या बाराला मनगटाला चटका बसला, शर्टाची बाही काळी झाली, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच. बंदूक म्हणजे शार्प्स 1863 ची, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळातल्या घोडदळाच्या आखूड बंदुकीची (कार्बाइनची), इटलीत बनलेली रेप्लिका, 22 इंची नळी, 54 कॅलिबर (नळीचं भोक 0.54 इंच), कागदी काडतूस, वर मस्केट कॅप, म्हणजे ठोका बसला की पेटणारी छोटी टोपी. मी व्हर्जिनियात राहतो, मूळ सावंतवाडीकडचा. आमच्या काकांकडे शेतराखणीची ठासणीची बंदूक होती, नळीत दारू ओता, चिंधी घाला, छर्रे टाका, गजाने ठासा, एक बार भरेपर्यंत डुकरं निघून जायची. म्हणून मागून भरायची बंदूक हे माझ्यासाठी फार मोठं अप्रूप.

आणि भरण्याचं सुख खरंच आहे. ट्रिगर गार्ड हाच लिव्हर, तो खाली ओढला की मागचा पोलादी ठोकळा सरळ खाली उतरतो, काडतूस आत सरकवा, लिव्हर वर, कॅप लावा, झालं. त्या काळी सरावलेला माणूस मिनिटाला आठ-नऊ बार काढायचा म्हणतात, ठासणीवाल्याचे तीन. मला घाईच नसते पण चार-पाच आरामात होतात. नेमही चांगला, 50 यार्डांवर तक्रार नाही.

तक्रार आहे फटीची, ठोकळा आणि नळीचं तोंड यांच्यातली फट. कागद पसरून काही बंद करत नाही, तो जळून जातो, मग दाबातला वायू जिथे वाट मिळेल तिथून येतो, म्हणजे तुमच्या हातावर आणि गालाजवळ. वर त्याची काजळी ठोकळ्याच्या खाचेत बसते आणि पंधराव्या बारानंतर लिव्हर दोन्ही हातांनी ओढावा लागायचा. चौथ्या महिन्यात दुकानाला मेल केला, उत्तर आलं की काळ्या दारूच्या सगळ्या बंदुका अशाच असतात, तरी पाठवायची तर पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. एवढे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचं टपालही मीच भरायचं? तीन मेल लिहिले, शेवटच्याला उत्तरच नाही.

त्या रागात वाचत बसलो, आणि वाचता वाचता मत थोडं बदललं हे कबूल करतो. ही फट दुकानाने केलेली नाही. जॉन हॉलच्या 1819 च्या बंदुकीत नळीचा मागचा तुकडा वर उचलून भरायचे, 1833 ला तिची कॅपवाली कार्बाइन आली, आणि तिलाही सांध्यातून वायू निसटायचाच. ख्रिश्चन शार्प्सने 1848 ला पेटंट घेतलं तेव्हाही हा प्रश्न सुटला नव्हता. मग कोनंट नावाच्या माणसाने ठोकळ्याच्या तोंडावर रिंग बसवली, लॉरेन्सने ती सुधारली. कल्पना अशी की वायूनेच तिला पुढे ढकलून नळीच्या तोंडावर दाबून धरायचं, म्हणजे दाब जितका जास्त तितकी फट घट्ट. मला हे वाचून खूप आनंद झाला, शत्रूच्याच जोरावर दार लावून घेतलंय. पण माझ्या रेप्लिकात त्या रिंगेच्या जागची प्लेट नुसती बसवल्यासारखी, हलतच नव्हती. म्हणजे दुकानावरचा अर्धा राग उतरला, अर्धा कायम आहे.

एक गोष्ट मात्र नवीन घेणाऱ्यांनी नीट वाचा. सहाव्या महिन्यात नळीखालचं लाकूड काढलं तर आत न जळलेली दारू, चांगली चिमूटभर. जुन्या पद्धतीत ठोकळ्याची धार काडतुसाचं शेपूट कापते, तेव्हा दाणे सांडतात आणि खाली जमतात, मग वायू निसटला की तेच पेटू शकतात, लाकूड फुटतं, खाली हात असतो. मी त्या दिवसापासून कापायचं काडतूस बंद केलं. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या पातळ कागदाचं बूड लावतो, लांबी चेंबरइतकीच ठेवतो, कॅपची आग बुडातूनच आत जाते, दाणा सांडत नाही. दारू 55 ग्रेन (साधारण साडेतीन ग्रॅम), वर मेण आणि चरबीचं वंगण.

रेंजवरच्या एका मित्राकडे स्मिथची कार्बाइन आहे, तिचं काडतूस रबराचं, ते फुगून फट बुजवतं, धूर मागे येतच नाही. बर्नसाइड नावाच्या त्याच काळातल्या कार्बाइनचं पितळी. हे बघून कळतं की उपाय बंदुकीत कमी आणि काडतुसात जास्त होता, आणि 1865 नंतर अमेरिकन सरकारने हजारो शार्प्स बदलून धातूच्या काडतुसाच्या करून घेतल्या त्या याचसाठी. (इंग्रजांनी 1855 च्या मॉडेलच्या 6000 घेतल्या होत्या, त्यांतल्या काही 1857 च्या लढाईत हिंदुस्थानात आल्या, हे मला माहीतच नव्हतं.)

परवाचा चटका बसल्यावर ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. त्याने प्लेट काढली, मागे बारीक खाच पाडून ओ-रिंग (रबराची गोल कडी) बसवली, प्लेट मोकळी हलेल अशी केली. 60 डॉलर घेतले, टपालाला याहून जास्त गेले असते. काल 40 बार काढले. लिव्हर एका हाताने चालला, बाही पांढरीच. संध्याकाळी ठोकळा गरम पाण्यात धुतला, निपलखालचा (निपल म्हणजे कॅप बसते ती नळकांडी) साफसफाईचा स्क्रू काढला, तिथे काजळी होती, प्लेटच्या कडेला नव्हती.