पडदा लावायचा की तारीख बघून पिल्लं काढायची?

बेल्जियम-नेदरलँड्समध्ये मार्चच्या सुमारास शर्यतीच्या कबुतरांची, म्हणजे होमरची, पिल्लं आईबापांपासून तोडली, की संध्याकाळी पाच-सहाला खुराड्याच्या खिडक्या झाकतात आणि सकाळी आठ-नऊला उघडतात. बाहेर लख्ख उजेड आणि आत रात्र, असं थेट २१ जूनच्या आसपासपर्यंत चालतं. हीच ती अंधार-पद्धत. चित्रफिती पाहून आपल्याकडेही काहींनी पडदे शिवून घेतले आहेत. शिवण्याआधी तो पडदा कशावरचा उपाय आहे ते बघावं.

होमर पिल्लू दीड महिन्याचं झालं की पंखातल्या दहा मोठ्या पिसांपैकी सगळ्यात आतलं गळतं. मग साधारण दर दोन आठवड्यांनी त्याच्या बाहेरचं एकेक. दहावं पूर्ण वाढेपर्यंत पिल्लू सात महिन्यांचं होतं. पहिली चार-पाच पिसं आखूड असतात, त्यांच्या फटीने उडण्यात फारसा फरक पडत नाही. सहावं-सातवं गेलं की मात्र खिंडार दिसतं. त्याच सुमारास डोक्या-मानेची बारीक पिसं मुठीने गळू लागतात, सकाळी फळीवर कापूस पिंजल्यासारखा थर दिसतो. नवीन पिसाची नळी तेव्हा निळसर, रक्ताने भरलेली असते. बोटाने दाबली तर पिल्लू अंग चोरतं. अशा पिल्लाला घरापासून चारशे किलोमीटरवर सोडणं म्हणजे त्याला घालवणंच.

मार्चमध्ये जन्मलेलं पिल्लू या अवस्थेत जुलैच्या मध्याला येतं. त्यापाठोपाठ बेल्जियममधल्या पिल्लांच्या मोठ्या शर्यती सुरू होतात, फ्रान्समधल्या ज्या गावी कबुतरं सोडतात त्या गावांच्या नावाच्या: बुर्ज, मग आर्जांतों, शातोरू, गेरे. ब्रसेल्सहून बुर्ज साडेचारशे किलोमीटरच्या आत, गेरे साडेपाचशेच्या आसपास. पडद्याने दिवस आठ-दहा तासांचा ठेवला की पंखाची मोठी पिसं थांबून राहतात, अंगावरची बारीक पिसं मात्र बदलून होतात. ऑगस्टमध्ये पिल्लू भरल्या पंखाने उडतं. निव्वळ त्या मोसमाचा निकाल बघायचा तर तिकडे अंधार-पद्धत सरस आहे, त्यात वाद नाही.

तिची किंमतही आहे आणि ती बहुधा हवेत मोजावी लागते. खिडकी झाकली की वारा बंद होतो. उजेड अडवून हवा खेळती ठेवायची तर पडदा भिंतीला चिकटवायचा नाही. खिडकीपुढे वीतभर अंतरावर फळी लावून हवेला वळण द्यायचं आणि छताखालची फट उघडी ठेवायची. काळोख गुडुप नको, वर्तमानपत्र वाचता येऊ नये एवढा पुरे. एक घनमीटर जागेत दोन-तीन पिल्लांच्या वर नकोत. सकाळी दार उघडताच नाकात झोंबणारा वास आला, चोचीवरची पांढरी गाठ राखाडी पडलेली दिसली, विष्ठा पातळ झाली, तर दोष औषधात शोधू नका. हवा कमी पडते आहे. तासही रोज तेच हवेत. आज पाचला, उद्या साडेसातला, रविवारी पडदाच नाही, असं केलं की काही पिल्लं मध्येच पिसं टाकू लागतात आणि सगळा खटाटोप वाया जातो.

दुसरी अडचण नोकरदाराची. पिल्लं नऊ ते पाच या वेळेतच उजेडात असतील तर त्यांना उडवणार कोण? पडद्याशिवायच्या नैसर्गिक वाढीत संध्याकाळी सहाला घरी येऊनही तासभर उडवता येतं. दोन-अडीच महिन्यांची पिल्लं थव्याने नजरेआड जाऊन तासाभराने परततात, ती त्यांची खरी शाळा. ती बुडली तर भरला पंख असूनही पिल्लू चुकतं.

पुढच्या वर्षाचा हिशेबही वेगळा आहे. पडद्याखाली वाढलेलं पिल्लू थंडी सुरू होताना दोन-तीन जुनी पिसं पंखात घेऊनच राहतं. नैसर्गिक वाढीचं पूर्ण नवा पंख घेऊन हिवाळ्यात शिरतं. दोन वर्षांचं झाल्यावर लांब पल्ल्याला उतरवायचं असेल, तर युरोपातही मी नैसर्गिक वाढच सुचवेन.

बाकी गोष्टी दोन्हीकडे सारख्या: सातव्या-आठव्या दिवशी पायात कडी, पंचविसाव्या दिवसाच्या पुढे तोडणं, पाच-सहा आठवड्यांवर पॅरामिक्सो या विषाणूजन्य रोगाची लस, दिवसाला २५ ते ३० ग्रॅम दाणा, आणि शिकवायला ५, १०, २०, ४० किलोमीटर असे टप्पे.

आता आपल्याकडचं. ब्रसेल्सला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांचा, सर्वांत लहान आठाच्या आत. मुंबईत तेच आकडे सव्वातेरा आणि अकरा. शर्यतीही आपल्याकडे हिवाळ्यात होतात. म्हणजे जो लांबलचक दिवस पडद्याने कापायचा तो इथे नाहीच. इथे पडद्याचं काम कॅलेंडर करतं.

जून-जुलैत अंड्यातून निघालेल्या पिल्लाचा पंख जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पूर्ण होतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीचं पिल्लू जानेवारीच्या मध्याला पाचव्या पिसावर असतं, तोवर ठीक उडतं. फेब्रुवारीच्या मध्याला सातव्यावर येऊन नेमकं लांबच्या शर्यतीला उघडं पडतं. क्लबच्या मोठ्या शर्यती फेब्रुवारी-मार्चमध्ये असतील तर पावसाळी पिल्लंच घ्या. जवळच्या टप्प्यांवर जानेवारीतच मोसम संपत असेल तर ऑक्टोबरची चालतील आणि ती वाढवायला कितीतरी सोपी.

कारण पावसाळ्यातली पिल्लं म्हणजे ओलीशी झटापट. मक्याला बुरशी लगेच धरते. कुबट वास आला तर पोतं उन्हात टाकून वाचवायच्या फंदात पडू नका, टाकून द्या. दमट जमिनीवर कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी फोफावतो, म्हणून खाली भुसा नको, जाळीची फळी बरी. पिसं येत असताना वाटाणा, मूग, मसूर अशी कडधान्यं चौथा हिस्सा तरी हवीत, बाकी ज्वारी, बाजरी, मका. शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी मका आणि करडई वाढवायची.

पिल्लं विकत घेणार असाल तर कडीवर विसंबू नका. तिच्यावर साल असतं, महिना नसतो. पंख उघडून आतून मोजा: पाचवं पीस नुकतंच गळलेलं असेल तर पिल्लू साधारण साडेतीन महिन्यांचं. फक्त विकणाऱ्याच्या खुराड्याला पडदा आहे का तेवढं बघून घ्या. असेल तर ही मोजणी वय कमी दाखवते.