कार्बन क्रेडिटच्या नावावर आमच्या गावातून पैसे गेले

औसा तालुक्यातलं आमचं गाव. मागच्या रब्बीला हरभरा उगवून वर आला होता, तेव्हा दोन पोरं गाडीतून आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. माझ्या बांधावरच्या कडुलिंबाला टेप लावून त्यांनी घेर मोजला, फोटो काढला आणि खोडावर नंबरचा पत्र्याचा बिल्ला ठोकला. ते झाड 1972 च्या दुष्काळानंतर वडिलांनी लावलेलं, घागरीनं पाणी घालून जगवलेलं. "काका, हे झाड परदेशातल्या कंपन्यांचा धूर गिळतंय. त्याचे पैसे तुम्हाला नकोत का?" असं त्यातला एक म्हणाला आणि मला ते पटलं.

एकरी वर्षाला 30,000 रुपये, वीस वर्षं देऊ म्हणाले. त्यासाठी नोंदणी फी एकरी 2,500. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाची झेरॉक्स दिली आणि चार एकरांचे 10,000 फोनवरून पाठवले. शेजारच्या मावशींनी मला विचारलं, "भरू का रे बाबा?" मी भरा म्हणालो. त्यांनी शेळी विकून दोन एकरांचे 5,000 भरले. माझ्या पैशापेक्षा हे मला जास्त लागलंय.

महिन्याभरात रंगीत प्रमाणपत्र आलं, "तुमच्या नावे 120 कार्बन क्रेडिट जमा". त्यानंतर फोन बंद. उन्हाळ्यात पुण्याहून पुतण्या आला. त्यानं तो कागद पाहिला आणि दोन दिवस बसून मला सगळा व्यवहार समजावून सांगितला. तो आधी कळला असता तर आम्ही वाचलो असतो, म्हणून इथे लिहितो.

एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेतून काढला किंवा हवेत जाण्यापासून थांबवला, याचा दाखला. आपल्या धुराची भरपाई दाखवायला कंपन्या तो विकत घेतात. तो आधी मिळत नाही. प्रकल्प नोंदवायचा, झाडं लावायची, ती वाढू द्यायची, मग मोजणी होते, ती मोजणी तिसरीच संस्था तपासते आणि त्यानंतर व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्डसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नोंदवहीत क्रेडिट निघतं. प्रत्येक क्रेडिटला अनुक्रमांक असतो आणि प्रकल्पाचं नाव या नोंदवह्यांत कुणालाही फुकट शोधता येतं. आमच्या कागदावर प्रकल्पाचा क्रमांकच नव्हता. पुतण्यानं कंपनीचं नाव टाकून शोधलं, काही निघालं नाही.

वडिलांचा कडुलिंब तर यात बसतच नाही. जे झाड पैशाची आशा नसतानाही उभंच होतं, त्याचं क्रेडिट मिळत नाही. प्रकल्पामुळे नवीन काय झालं, तेवढंच मोजतात.

आता हिशोब करा. एकरात दोनशे झाडं धरा आणि मोठं झालेलं झाड वर्षाला ढोबळ 20 किलो कार्बन डायऑक्साइड ओढतं असं धरा. झाले चार टन, म्हणजे चार क्रेडिट. क्रेडिटचा दर ठरलेला नसतो, कुठं एक-दोन डॉलर, कुठं पंधरा-वीस. दहा धरले तरी एकरी चाळीस डॉलर होतात, तीन-साडेतीन हजार रुपये. त्यातून मोजणी, तपासणी आणि कंपनीचा वाटा जायचा. रोपं लहान असताना जवळपास काहीच नाही. 30,000 कुठून येणार होते?

त्यांनी सरकारी अधिसूचनेची झेरॉक्सही दाखवली होती. ती खरीच होती. केंद्रानं 2023 मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना आणली आहे. पण तिचा मुख्य भाग सिमेंट, अ‍ॅल्युमिनियमसारख्या मोठ्या कारखान्यांना उत्सर्जनाची लक्ष्यं देण्याचा आहे. खऱ्या कागदाच्या आडून खोटा धंदा चालला होता.

गावात ज्यांच्याकडे सोलर पंप आहे, त्यांच्याकडून "आरईसी"चे वेगळे पैसे घेतले. आरईसी म्हणजे अक्षय ऊर्जेचं प्रमाणपत्र. हजार युनिट हरित विजेला एक. वीज वितरण कंपन्यांवर ठरावीक हिस्सा अक्षय ऊर्जेचा घेण्याचं बंधन असतं. तो कमी पडला की त्या वीज बाजारातून ही प्रमाणपत्रं विकत घेतात. त्यासाठी वीज मीटरवर मोजून सहसा ग्रीडमध्ये, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्यात, गेली पाहिजे. विहिरीवरचा पंप पाणी उपसतो, ग्रीडला वीज देत नाही, त्याला हे प्रमाणपत्र कसं मिळेल? शिवाय हे युनिटात मोजतात आणि कार्बन क्रेडिट टनात. दोन्ही एकच आहे असं सांगणाऱ्याला तिथंच थांबवा.

शेतकऱ्यांना एकत्र करून चालणारे खरे प्रकल्प आहेत, ते मी नाकारत नाही. पण त्यांत खर्च सहसा कंपनी करते आणि क्रेडिट विकल्यावर वाटा देते. आणि करारावर सही करताना तो मराठीत मागा. आमचा इंग्रजीत होता. त्यात जमिनीवरच्या कार्बनचे हक्क चाळीस वर्षांसाठी लिहून घेतलेत. उद्या खरा प्रकल्प आला तर एकच जमीन दोनदा धरता येत नाही, म्हणून तो करार रद्द करून घ्यायला मी वकिलाकडे गेलोय.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी सहा महिने वाट पाहिली, तोवर ज्या खात्यात पैसे गेले ते रिकामं झालं होतं. पोलिसांत अर्ज दिलाय, सोबत पैसे पाठवल्याची नोंद आणि ते प्रमाणपत्र. मावशी त्यांच्या आंब्यावरचा बिल्ला उपटायला निघाल्या होत्या. राहू द्या म्हणालो, पंचनाम्याला लागेल.