६.४ पासून १० पर्यंत : डाफ्ट पंकचा ‘डिस्कव्हरी’

डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक संगीत जोडीचा दुसरा अल्बम ‘डिस्कव्हरी’ २००१ मध्ये आला तेव्हा पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटने त्याला १० पैकी ६.४ गुण दिले. २०२१ मध्ये त्याच पिचफोर्कने आपले काही जुने गुण नव्याने तपासले आणि ‘डिस्कव्हरी’ला पैकीच्या पैकी दिले. रेकॉर्डिंग तेच, १४ ट्रॅक तेच, तासाभराचा ऐवजही तोच. तेव्हा कोणता आकडा खरा हे ठरवण्याआधी २००१ मध्ये लोक नेमके कशाला बिचकले ते पाहायला हवं.

पहिलं कारण ‘होमवर्क’. तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो या पॅरिसच्या जोडीचा १९९७ चा हा पहिला अल्बम म्हणजे ड्रम मशीनचा कोरडा ठोका, थोडी कचकच राखलेला आवाज आणि न थकता फिरणारे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे. ‘अराउंड द वर्ल्ड’मध्ये एकच ओळ १४४ वेळा येते आणि तरी गाणं कंटाळवाणं होत नाही. हाऊस या क्लबमधल्या नृत्यसंगीताच्या जाणकारांनी या दोघांना आपलं मानलं ते या काटकसरीमुळे. दुसऱ्या अल्बममध्ये तीच काटकसर आणखी पुढे जाईल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

आलं मात्र ‘वन मोअर टाइम’. हे गाणं १९९८ मध्येच तयार होतं. सिंगल म्हणून बाहेर पडलं नोव्हेंबर २००० मध्ये. न्यू जर्सीच्या रोमँथनी या गायकाचा आवाज ऑटोट्यून या सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून असा काढलाय की दोन सुरांमधली मींड नाहीशी होते आणि आवाज थेट पुढच्या सुरावर जाऊन बसतो. दुरुस्तीचा वेग खूप वाढवला की असं होतं. बेसूर झाकायला वापरतात तसा हा वापर नाही. आक्षेप इथूनच सुरू झाले. साठच्या दशकातल्या बँडना ‘इलेक्ट्रिक गिटार का वाजवता?’ असं विचारण्यासारखंच हे आहे, अशा अर्थाचं उत्तर बांगाल्तेरने तेव्हा दिलं होतं, आणि ते पटण्यासारखं आहे. पण या गाण्यातलं खरं धाडस मधल्या भागात आहे. जवळपास दोन मिनिटं किक ड्रम गायब. नाचणाऱ्या गर्दीच्या पायाखालून ठोका काढून घ्यायचा आणि नुसत्या आवाजावर आणि कॉर्ड्सवर तिला धरून ठेवायचं, हे क्लबच्या गाण्यात सहसा कोणी करत नाही. श्रोत्यांनी त्यावर लगेच कौल दिला: ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत गाणं दुसऱ्या क्रमांकावर गेलं. अल्बमही तिथे दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला, अमेरिकेत २३ व्या. लोकांना अल्बम वीस वर्षांनी कळला, असं जे म्हटलं जातं ते म्हणूनच खरं नाही.

दुसरा आक्षेप अभिरुचीचा होता. सत्तर-ऐंशीच्या दशकांतलं सॉफ्ट रॉक, गुळगुळीत डिस्को, हेअर मेटल या भपकेबाज रॉकच्या थाटाचे सोलो, म्हणजे तेव्हाच्या समीक्षकांनी मोडीत काढलेलं सगळं सामान इथे विनासंकोच मांडलेलं आहे. ‘एअरोडायनॅमिक’मध्ये घंटा वाजते, फंकचा लूप सुरू होतो आणि मधेच गिटारच्या टॅपिंगसारखा (तारांवर बोटं आपटून वाजवतात तसा) भरधाव सोलो येतो. ही थट्टा समजायची की मनापासून केलेलं काम, हे अनेकांना ठरवता येईना. ते मनापासूनच आहे. ‘डिजिटल लव्ह’ ऐकताना शंका उरत नाही. जॉर्ज ड्यूकच्या १९७९ च्या ‘आय लव्ह यू मोअर’ची सुरुवातीची काही सेकंदं घेऊन त्यांनी अख्खं गाणं उभं केलंय. ड्यूकच्या गाण्यात तो तुकडा नुसता प्रवेश असतो, पुढे गाणं वेगळ्याच वाटेने जातं. इथे तोच फिरत राहतो आणि त्यावर डीजे स्नीकसोबत लिहिलेले शब्द, व्होकोडर या आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणातून आलेला लाजरा आवाज आणि शेवटी तो लखलखीत सोलो.

तिसरा प्रश्न सॅम्पलचा, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधून घेतलेल्या तुकड्यांचा. ‘आयतं उचललं’ ही तक्रार आजही ऐकू येते. तिचं उत्तर ‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’मध्ये आहे. पाया एडविन बर्डसाँगच्या ‘कोला बॉटल बेबी’चा, तोही १९७९ चा, आणि अल्बमवर त्याचं श्रेय दिलेलं आहे. पण आवाजाची रचना पाहा. आधी दोन-दोन शब्दांचे तुकडे, मधे मोकळी जागा. मग दुसऱ्या फेरीत त्या मोकळ्या जागांमध्ये उरलेले शब्द बसतात आणि वाक्य पूर्ण होतं. त्यानंतर शब्द चिरत चिरत इतके बारीक होतात की अर्थ गळून पडतो आणि आवाज एखाद्या वाद्यासारखा वळू लागतो. लूपला हात न लावता केवळ आवाजाच्या मांडणीवर गाणं चढवत नेलंय. श्रेयाबाबत एक बोच मात्र राहते: ‘वन मोअर टाइम’मध्ये एडी जॉन्सच्या ‘मोअर स्पेल ऑन यू’चे तुकडे आहेत आणि अल्बमच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. ते असायला हवं होतं.

आता कच्चे दुवे. पहिले चारही ट्रॅक त्याच क्रमाने सिंगल म्हणून आले, यातच अल्बमचा तोल किती पुढे झुकलाय ते दिसतं. ‘क्रेसेंडॉल्स’ आणि ‘हाय लाइफ’ एका लूपच्या जोरावर चालतात आणि तो लूप तितका दमदार नाही. ‘होमवर्क’मध्ये आवाजाचा काही भाग गाळणारा फिल्टर हळूहळू उघडत जो ताण निर्माण व्हायचा तो इथे होत नाही. ‘शॉर्ट सर्किट’ची कल्पना छान आहे, यंत्र बिघडत बिघडत विझतं, पण पुन्हा पुन्हा ऐकावं असं त्यात फारसं नाही. शेवटचं ‘टू लाँग’ दहा मिनिटांचं आहे. रोमँथनी सुरुवातीला सुरेख गातो, मग उत्तरार्ध जवळपास एकाच आवर्तनावर रेंगाळतो. इथे ६.४ देणाऱ्याचं म्हणणं समजू शकतं.

पण याच दुसऱ्या अर्ध्यात ‘समथिंग अबाउट अस’, ‘व्हॉयेजर’ आणि ‘व्हेरिडिस को’ सलग येतात. माझ्या मते अल्बमचा गाभा हाच, आणि पहिल्या परीक्षणांत त्याला फार कमी जागा मिळाली. शिवाय ‘फेस टू फेस’. यातला साथीदार, अमेरिकी निर्माता टॉड एडवर्ड्स जुन्या गाण्यांचे इतके छोटे तुकडे घेतो की मूळ गाणं ओळखूच येत नाही, आणि ते टाक्यांसारखे शेजारी शेजारी बसवून नवी चाल विणतो. त्यावर गायलाही तोच. हे गाणं २००४ मध्ये, अल्बम येऊन तीन वर्षं झाल्यावर, बिलबोर्डच्या डान्स क्लबच्या यादीत पहिलं आलं.

मत बदलायला तीन गोष्टी कारणीभूत झाल्या. २००३ चा ‘इंटरस्टेला ५५५५’ हा जपानी चित्रकथाकार लेजी मात्सुमोतो यांच्या देखरेखीखाली तोएई या स्टुडिओने केलेला ॲनिमेशनपट अख्ख्या अल्बमवर बेतलेला आहे. त्यात संवाद जवळपास नाहीतच, त्यामुळे दुय्यम वाटलेल्या ट्रॅकनाही काम मिळालं. २००७ मध्ये ‘हार्डर, बेटर...’चं सॅम्पल घेतलेलं रॅपर कान्ये वेस्टचं ‘स्ट्राँगर’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि ज्यांनी हाऊस कधी ऐकलं नव्हतं ते उलट्या वाटेने ‘डिस्कव्हरी’कडे आले. सगळ्यात निर्णायक ठरला तो २००६-०७ चा, रंगमंचावर पिरॅमिड उभारून केलेला दौरा. तिथे ‘अराउंड द वर्ल्ड’ आणि ‘हार्डर, बेटर...’ एकमेकांवर चढवून वाजवले गेले. दोन्हींची लय जवळजवळ सारखी, मिनिटाला १२० च्या थोडी वर. ‘होमवर्क’वाले आणि ‘डिस्कव्हरी’वाले हे भांडण त्या एका जोडणीत संपलं. २००९ मध्ये पिचफोर्कने दशकातल्या अल्बमच्या यादीत ‘डिस्कव्हरी’ला तिसरं स्थान दिलं.

नव्याने ऐकणार असाल तर शफल बंद ठेवा आणि ॲपमधला क्रॉसफेडही, म्हणजे एक गाणं संपता संपता त्यावरच पुढचं सुरू करणारी सोय. क्रॉसफेड सुरू राहिला तर ‘एअरोडायनॅमिक’च्या सुरुवातीच्या घंटा आधीच्या गाण्याखाली दबतात. फोनच्या स्पीकरवर ‘व्हॉयेजर’ ऐकू नका; त्याचा सगळा जीव बेसलाइनमध्ये आहे आणि ती तिथे उरतच नाही. किक पडताच बाकीचे सूर दबतात आणि लगेच उसळतात, तो स्पीकरचा दोष नव्हे. किकच्या इशाऱ्यावर कॉम्प्रेसर बाकीचा आवाज खाली ओढतो आणि सोडतो. हे मुद्दाम केलंय, गाण्याचा श्वास त्यातूनच येतो. आवाज आधीच भरगच्च आहे, तेव्हा इक्वलायझरमध्ये बेस वाढवलात तर ‘क्रेसेंडॉल्स’सारख्या ट्रॅकचा नुसता चिखल होईल. रेकॉर्डवर घेणार असाल तर दोन तबकड्या, चार बाजू. वर सांगितलेले तीन सलग ट्रॅक तिसऱ्या बाजूवर आहेत, आणि तेवढ्यासाठीही रेकॉर्ड घ्यायला हरकत नाही.

६.४ हा अन्याय होता. १० देताना मात्र ‘हाय लाइफ’ आणि ‘टू लाँग’कडे काणाडोळा करावा लागतो. ९ द्यावेत, आणि त्यातला बराच वाटा पहिल्या चार ट्रॅकइतकाच तिसऱ्या बाजूवरच्या त्या तीन ट्रॅकचा धरावा.